'विथहोल्ड'पुढची रिकामी ओळ

सोपान कोळेकर सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी दहावीच्या भूमितीच्या पेपरला वर्गावर होतो. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. शिपाई दारात आला, त्यानं मला बोटानं बाहेर बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कोळेकर सर गेलं. आत्ताच फोन आला हापिसात." मी काही बोलायच्या आत व्हरांड्यातून मुख्याध्यापक आले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, "पेपर सुटेपर्यंत पोरांना कळू देऊ नका, जगताप. आधीच भूमिती आहे." मी मान हलवली आणि आत गेलो. समोरच्या निम्म्या मुलांना सरांनी पाचवीपासून इंग्रजी शिकवलं होतं. दिवाळीपासून ती विचारत होती, सर कधी येणार... मी बाकांमधून फिरत राहिलो. एका मुलीनं पुरवणी मागितली, ती दिली. एकाची कंपास खाली पडली, ती उचलून दिली. पेपर सुटेपर्यंत मी चेहरा सांभाळला आणि सारखं मनात येत होतं की हे सरांना कळलं असतं तर त्यांनी मला आणि मुख्याध्यापकांना मैदानात उभं करून झापलं असतं. माणसाच्या हक्काची गोष्ट त्याच्यापासून धरून ठेवणं, या एका गोष्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. आणि मी ती काही त्या दिवशी पहिल्यांदा करत नव्हतो. गेले पाच महिने मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

आमची शाळा भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या पुढच्या एका गावात आहे. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मी पलीकडचा, भांडगावचा. स्कूटरवरून यायचो आणि गणित शिकवायचो. सर वडगाव रासाईला राहायचे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. घराणं मेंढपाळ धनगरांचं. वडिलांनी थोडी जमीन धरली होती, पण थोरला भाऊ भिवा मेंढरांमागं हिंडायचा तो हिंडतच राहिला. सर त्या घरातले पहिले शिकलेले. स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीवर बारा महिने एक काळं घोंगडं घडी घालून ठेवलेलं असायचं. एप्रिलच्या उन्हातसुद्धा ते त्यावरच बसायचे. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "तुमच्या गादीला घाम येतो, माझ्या घोंगड्याला येत नाही." वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, पण एकमेकांना 'अरे' म्हणालो नाही. ते मला 'तुम्ही' म्हणायचे आणि मी त्यांना 'सर'. माझं इंग्रजी यथातथाच. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला की ते तो हातात घेऊन वाचायचे आणि म्हणायचे, "जगताप, गणितात बरे आहात तुम्ही."

त्यांच्याकडे एक वही होती. फुलस्केप, जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापड लावलेली. त्यात इंग्रजी क्रियापदं होती, एका पानावर एक. वर क्रियापद, त्याखाली अर्थ, मग वापर आणि शेवटी उदाहरणाची एक ओळ. अर्थ त्यांनी डिक्शनरीतून घेतलेले, पण उदाहरणं सगळी आमच्या गावातली. कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली, कुणाच्या लेकाला कुरकुंभच्या कंपनीत दुसरी पाळी लागली, चारीचं पाणी कुणी आपल्या रानात वळवलं. ते म्हणायचे, "पोरांना लंडनचं धुकं कशाला शिकवू? यांना चारीचं पाणी कळतं. अर्थ डिक्शनरीत मिळतो हो, वापर माणसांत मिळतो." माझा आणि त्यांचा वर्ग शेजारी-शेजारी, मधे नुसता पत्रा. त्यामुळं निम्मं इंग्रजी मी त्या पत्र्यातून शिकलो.

'विथहोल्ड' हे क्रियापद त्यांनी शिकवायला घेतलं की मी फळ्यावर एखादं लांबलचक गणित मांडून द्यायचो आणि कान तिकडं लावायचो. ते एखाद्या मुलाचं पेन मागून घ्यायचे आणि मुठीत धरायचे. मग विचारायचे, "हे पेन माझं असतं आणि मी तुला दिलं नसतं, तर मी काय केलं?" पोरं म्हणायची, 'कीप' केलं. "पण पेन तुझं आहे, तुला आत्ता लिहायचंय, आणि मी मूठ उघडत नाही. आता काय केलं?" तेच हे क्रियापद. मग सांगायचे की मेंढराला कोवळ्या ज्वारीत शिरू दिलं नाही तर ते 'रिस्ट्रेन', कारण कोवळ्या ज्वारीनं मेंढरू फुगून मरतं, ती आपण त्याची राखण केली. स्वतःच्या तोंडात आलेली शिवी गिळली तर ते 'रिफ्रेन', ती स्वतःची राखण. पण 'विथहोल्ड' म्हणजे ज्याचं आहे त्याला न देणं. आणि याच्यामागं 'फ्रॉम' येतं, हे ते फळ्यावर खडू आपटून सांगायचे. कुणापासून धरून ठेवलं, ते सांगायलाच लागतं. पलीकडे एक माणूस हात पुढं करून उभा असतो. एवढं झालं की ते त्या मुलाला पेन परत द्यायचे आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'थँक यू' म्हणायचे.

दर जूनला दहावीचा निकाल लागायचा आणि एखाद-दुसऱ्या नावापुढं गुणांच्या जागी 'निकाल राखून ठेवला' असं यायचं. तोंडी परीक्षेचे गुण वेळेत पोचले नाहीत, नाहीतर फॉर्मात काही राहिलं, असलंच काहीतरी असायचं. पंधरा-वीस दिवसांत ते आपोआप सुटतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण सर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं पुण्याला जायचे. मी एकदा म्हणालो, "सर, येईल की पोस्टानं, कशाला हेलपाटा?" तर माझ्यावर उखडले. "ती पोरगी कालपासून जेवली नाही. निकाल तिचा आहे. दुसऱ्यानं तो टेबलावर ठेवून चहा प्यायचा?" संध्याकाळी ते कागद घेऊन आले आणि घरी न जाता त्या मुलीच्या वस्तीवर गेले. मुलगी इंग्रजीत नापास झाली होती. तेही त्यांनी तिला सांगितलं.

त्यांच्या या हट्टाचं मूळ मला कळलं ते शाळेत लागून चारेक वर्षं झाल्यावर. दसऱ्यानंतर मेंढरांचे कळप कोकणाकडे निघतात, ते घाट उतरून जातात आणि ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, परत येतात. त्या वर्षी मी खिडकीतून बघितलं. शाळेच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावर दोन-तीनशे मेंढरं थांबलेली. मागं बिऱ्हाड लादलेली घोडी, बायका, कोंबड्या. पुढं एक उंच, काळा माणूस दोन्ही हात आडवे पसरून उभा. अर्धा तास तो तसाच होता. मोठ्या सुट्टीची घंटा झाली, पोरं मैदानात पळाली आणि मगच त्यानं हात खाली घेतले. कळप शाळेसमोरून गेला. मी शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "त्ये कोळेकर सरांचं थोरलं भाऊ. दरसाल थांबत्यात. सरांच्या तासाला गलका नको म्हणून." मी कौतुकानं सरांना सांगायला गेलो. त्यांच्या वर्गातही मैदानाकडे खिडकी होती. ते त्या खिडकीकडे पाठ करून फळा पुसत होते, आणि फळा कोराच होता.

त्या दिवशी डबा खाताना त्यांनी सांगितलं. ते पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कळप घाटाखाली होता, आई कळपाबरोबर. तिला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. भिवादादा तिची माती करून पुण्याला आला, हॉस्टेलच्या फाटकात बसून राहिला. सर पेपर देऊन आले, तर भाऊ भाकरीचं फडकं घेऊन उभा. सरांनी विचारलं, आई कशी आहे? दादा म्हणाला, "बरी हाय. तू पेपर नीट लिही." ती भाकरी सरांनी त्याच्यासमोर बसून खाल्ली. नऊ दिवसांनी शेवटचा पेपर झाला, तेव्हा दादा पुन्हा फाटकात उभा होता. या वेळी त्यानं सांगितलं... दहावा उरकला होता. "नऊ दिवस मी आई आहे असं समजून जेवलो, हसलो. एका संध्याकाळी मित्रांबरोबर सिनेमालाही गेलो," सर म्हणाले. "त्यानं माझ्यासाठीच केलं, ते मला कळतं. पण आई माझी होती, जगताप. बातमी माझी होती." त्यानंतर पंचवीस वर्षं दोघं भाऊ लग्नकार्यात समोरासमोर यायचे, 'बरं हाय का' म्हणायचे आणि वेगवेगळ्या पंगतीत बसायचे. दादा बोलावल्याशिवाय धाकट्याच्या दारात यायचा नाही आणि धाकटा बोलवायचा नाही. फक्त दरवर्षी तो ओढ्याच्या उतारावर घंटेची वाट बघत उभा राहायचा.

वहीतलं 'विथहोल्ड'चं पान मी त्यानंतर मुद्दाम काढून बघितलं. अर्थ होता, वापर होता, उदाहरणाची ओळ रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे एकच उदाहरण आहे, आणि ते एकट्यानं लिहून चालणार नाही."

माणूस बदलतो म्हणतात, सर बदलले ते एका अपघातानं. त्यांचा मुलगा दिलीप डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना एसटीतून उतरताना सर पडले, मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दिलीपला कळवू नका, परीक्षा चालू आहे त्याची." हे मला त्यांनीच सांगितलं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून, छताकडे बघत सांगितलं. "बोलून गेलो आणि जीभ चावली. त्या दिवशी मला दादा कळला... पंचवीस वर्षं मी त्याला शिक्षा केली, आणि माझ्या तोंडून तेच वाक्य आलं." तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की एकदा दादाकडे जायचं, त्याच्या तळावर बसून त्याच्या हातची भाकरी खायची आणि सांगायचं की झालं ते झालं. पण एवढ्या वर्षांचा अबोला. दर वर्षी दसरा यायचा आणि ते पुढच्या वर्षावर ढकलायचे. माझ्यासारख्या माणसाला यावर हसू यायचं. म्हातारपण आलं तरी पोरखेळ चाललाय, असं मी एकदा बायकोला म्हणालोही होतो.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांना कावीळ झाली. ती उतरेना. दिलीप कुरकुंभला केमिकल कंपनीत, त्याला पाळीवर बदली माणूस मिळेना, म्हणून मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. सर बाहेर बाकावर बसलेले, घोंगडं मांडीखाली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. पोटात गाठ होती, पसरली होती, आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. सहा महिने मिळाले तर खूप, असं ते म्हणाले आणि रिपोर्टची फाइल माझ्यापुढं सरकवली. बाहेर आलो तर सरांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "कावीळ मुरलीय. आतड्याला सूज आहे. पथ्य पाळायचं." हे मी कुणी सांगितलं म्हणून बोललो नाही. आपोआप बोललो. आपल्याकडे असं काही ऐकलं की तोंड आधी खोटंच बोलतं.

संध्याकाळी दिलीपला कुरकुंभच्या चौकात चहाच्या टपरीवर गाठलं. तो पाळीवर निघाला होता, अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म. ऐकून तो मोटारसायकलवर बसला तसा बसूनच राहिला. मग माझा हात धरला. "काका, आप्पांना कळू द्यायचं न्हाई. ते खचतील. जेवढं हाय तेवढं तरी हसून जाऊ दे. तुम्हाला माझी शपथ हाय." मी म्हणालो, "दिलीप, तुझे वडील काय शिकवतात ते तुला माहितीये ना?" तो म्हणाला, "शाळेत शिकवायला सोपं असतं, काका." मला तेव्हा त्याचं पटलं. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. सरांच्या डोळ्यांत बघून ते वाक्य म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि आता ते नसण्याला शपथेचं कारण मिळालं होतं.

अडचण एकच होती. रिपोर्ट इंग्रजीत होता. दुसरा कुणी असता तर फाइल त्याच्या उशाशी ठेवली असती तरी चाललं असतं. पण सर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा भिंग लावून वाचायचे. म्हणून ती फाइल मी भांडगावला आणली आणि माझ्या कपाटात, धाकट्या मुलीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांखाली ठेवली. दोन दिवसांनी सरांनी विचारलं, "रिपोर्ट कुठाय?" मी म्हणालो, "हॉस्पिटलनंच ठेवून घेतला. पुढच्या खेपेला लागतो म्हणे." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि "बरं" म्हणाले. त्याआधीच्या वीस वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळं माझ्यावर संशय घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

आठवड्याभरानं कळप आला. सरांच्या घरापासून मैलभरावर, नदीच्या मळईत, गाळाच्या रानात, तळ पडला. अंगणात बसलं तर मेंढरांचा आवाज येत होता. मी गेलो तेव्हा सर बाजेवर टेकून बसले होते, अंगावर पिवळटपणा, पण चेहरा एखाद्या मुलासारखा झालेला. "जगताप, दादा आलाय," ते म्हणाले. "आवाज ऐकताय ना? जाऊन यावं म्हणतो. चालवत नाही, पण तुमच्या स्कूटरवर बसेन मागं." मला आतून वाटलं, उचलावं यांना आणि आत्ता न्यावं. त्याच वेळी दुसरा विचार आला की मी घाई केली तर यांना कळेल. एरवी पथ्य आणि विश्रांतीचं पालुपद लावणारा मी, आजच कसा आजारी माणसाला स्कूटरवर घालून न्यायला तयार झालो? मी नुसता बसून राहिलो. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. असा पिवळा होऊन गेलो तर त्याला वाटेल, मरायला टेकला म्हणून आला. ज्येष्ठात परत येतील, तोवर मी ठणठणीत होईन, तेव्हा चालत जातो. तोवर चालेल ना, जगताप?"

मी म्हणालो, "चालेल की, सर. ज्येष्ठ काय लांब आहे?"

हे वाक्य मी त्यानंतर रोज ऐकतो. दात घासताना ऐकतो, फळ्यावर लिहिताना ऐकतो. कुणी मला ते म्हणायला लावलं नव्हतं. दिलीपची शपथ होती ती रोग सांगायची नाही अशी. भावाला भेटू देऊ नका, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कळप निघाला. सर शाळेत नव्हते हे भिवादादाला माहीत नसावं, किंवा असूनही त्याची सवय मोडली नसावी. तो ओढ्याच्या उतारावर हात पसरून उभा राहिला. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. मधे शंभर पावलांचं अंतर. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की दादा, मागं फिरा, घरी जाऊन या. घंटा झाली. त्यानं हात खाली घेतले, मेंढरं पुढं गेली आणि शाळेवर नेहमीसारखी धूळ आली.

पुढचे महिने आम्ही सगळ्यांनी मिळून नाटक केलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "तब्येत सुधारली की, सर." सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मोरीत जाऊन रडून यायच्या आणि मग पेज भरवायच्या. सर बाजेवर वही घेऊन जुन्या नोंदी नव्यानं सुवाच्य लिहून काढत होते. मी गेलो की विचारायचे, "ज्येष्ठाला किती दिवस राहिले?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजून सांगायचो. गणिताचा मास्तर मी. दुसरा आकडाही मला माहीत होता, तो मी मनात मोजायचो, आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. अगदी माघातसुद्धा माणूस पाठवून दादा सापडला असता. कळप दर वर्षी त्याच गावांवरून जातात, त्याच शेतांत बसतात. एकदा मी दिलीपला म्हणालो, "निदान चुलत्याला तरी बोलावू." तो म्हणाला, "आता अचानक ते दारात उभे राहिले तर आप्पा ओळखतील, काका." आणि मी, वीस वर्षं पत्र्यापलीकडून त्या क्रियापदाचा अर्थ ऐकलेला माणूस, पुन्हा गप्प बसलो.

लोक मला समजावतात की सरांना कळलंच असणार, एवढा हुशार माणूस, त्यानं आपल्यासाठी न कळल्याचं सोंग घेतलं असणार. हे ऐकायला गोड वाटतं. पण ते खोटं आहे. शिवरात्रीला त्यांनी दिलीपला दौंडच्या बाजारात पाठवून लाल फेटा आणवला होता, दादासाठी. स्वतः उलगडून बघितला, रंग जरा भडक आहे म्हणाले, आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवायला लावला, ज्येष्ठापर्यंत कसर लागू नये म्हणून. ज्याला आपलं मरण कळलंय तो माणूस असं करत नाही. तो त्याच दिवशी माणूस पाठवतो.

सर गेले, त्यानंतर दिलीपनं घाटाखाली माणूस धाडला. आता धाडला. दहाव्याला आम्ही भीमेच्या काठी जमलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जमलेल्या लोकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर समाधानानं गेले. काही इच्छा राहिली नव्हती." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. लोक अंघोळी करून पांगायला लागले, तेव्हा वाळूतून भिवादादा आला. पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले. तो पिंडाच्या जागेकडे बघत उभा राहिला, मग पाण्यात उतरून आला आणि माझ्याजवळ बसला. दिलीपनं घरून ट्रंकेतला फेटा आणला होता, तो त्याच्या हातात दिला. म्हणाला, "आप्पांनी तुमच्यासाठी घेतलेला." दादानं तो बांधला नाही. दोन्ही हातांत धरून बसला.

"मास्तर," त्यानं मला विचारलं, "दसऱ्याला मी हितं मळईत व्हतो. तवा त्येला बरं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"त्येला?"

मी म्हणालो, "नाही. आम्ही सांगितलं नाही. तुमच्याकडे यायचं म्हणत होते, मीच म्हणालो ज्येष्ठात जा." ते बोलताना माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढं उच्चारतोय.

म्हातारा नदीकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आय गेली तवा म्या नऊ दिस त्येच्यापसून धरून ठिवलं. त्येच्या पेपरापायी. जल्मभर बोलला न्हाई माझ्यासंगं, आन् म्या म्हनायचो, बराबर हाय पोराचं." मग माझ्याकडे वळला. "तुमी किती दिस ठिवलं?"

"पाच महिने."

"लई झालं," तो म्हणाला. उठला, फेटा काखेत घातला आणि वाळूतून चालू लागला. मेंढरं घाटाखाली पोरांवर सोडून आला होता, त्याला थांबून चालणार नव्हतं.

वहिनींनी ती वही मला दिली. मी ती भांडगावला आणली आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून कपाटात, त्या फाइलीवरच ठेवली. गेल्या आठवड्यात सरांच्या जागी नव्यानं आलेल्या इंग्रजीच्या बाई घरी आल्या. चांगल्या आहेत, तरुण आहेत, त्यांना मुलांसाठी वहीची प्रत काढायची होती. ओटीवर बसून त्या पानं उलटत होत्या, मधेच एखादं उदाहरण वाचून हसत होत्या. शेवटाकडे थांबल्या. म्हणाल्या, "सर, सगळ्या क्रियापदांना उदाहरणं आहेत. इथंच एक ओळ रिकामी आहे."

"त्यांना वेळ मिळाला नाही," मी म्हणालो. बाईंनी हळहळून मान हलवली आणि पान उलटलं. त्या गेल्यावर मी वही परत ठेवायला कपाट उघडलं. वेळ होता. पाच महिने होता. तो त्यांचा होता, आणि तो इथं, या कपाटात, मुलीच्या जुन्या पुस्तकांखाली होता.